हेडमास्तरांची गोळी

खरंतर काकांनी फ्रिज साफ केला नसता, तर पुढचं काहीच झालं नसतं. ना सोसायटीत दोन तट पडले असते, ना भरल्या बसमधून माणसं खिडक्यांवाटे खाली उतरली असती. पण निवृत्त माणसाच्या हाती फडकं आणि रिकामा वेळ एकाच वेळी पडू देऊ नये, हे जगाला अजून उमगलेलं नाही.

काकांचं कागदोपत्री नाव अर्थातच वेगळं आहे. मात्र त्यांचं प्रत्येक वाक्य 'खरं तर'नेच सुरू होतं, त्यामुळे बिल्डिंगमधल्या पोरांनी त्यांचं 'खरंतर काका' असं बारसं पुन्हा केलं आणि ते नाव चिकटलं. विमा कचेरीत ते हेडक्लार्क होते. निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. दुसऱ्या महिन्यात काकूंना गॅस कसा पेटवावा हे समजावून सांगितलं. तिसरा महिना लागला तशा काकू त्यांना घेऊन गल्लीच्या टोकाच्या निसर्ग संग्रहालयात गेल्या आणि तिथल्या प्रमुख बाईंना म्हणाल्या, "हे घ्या. माणूस चांगला आहे, फक्त कामात ठेवा."

संग्रहालय छोटं. पुढच्या दालनात फुलपाखरांच्या पेट्या, दगडांचे नमुने आणि देवमाशाच्या पाठीचा एक मणका. हा मणका 'हात लावू नये' अशी पाटी लावून ठेवला होता आणि शाळेची सगळी पोरं त्याच्यावर बसून फोटो काढत. मागच्या अंगणात मात्र जिवंत मंडळी. रानात परत सोडता येणार नाही असे हे प्राणी. पाठीला ठिगळ लावलेलं एक कासव, एका डोळ्याची घार, आणि कुणीतरी बिस्किटांवर वाढवलेली एक खार. ही खार झाड दिसलं की घाबरून माणसाच्या खिशात शिरायची.

आणि हेडमास्तर. हेडमास्तर म्हणजे गव्हाणी घुबड. पांढराशुभ्र, बदामाच्या आकाराचा चेहरा आणि मधोमध दोन काळेभोर डोळे. ट्रकला धडकून त्यांचा एक पंख मोडला होता. तो जुळला, पण वाकडा. या दांडीवरून त्या दांडीवर जाण्यापलीकडे त्यांचं उड्डाण नव्हतं. त्यांनी मान फिरवून नुसतं पाहिलं, की चाळीस पोरांचा कलकलाट गपकन बंद होई. म्हणून ते नाव.

आता यातली मेख ऐका. असा रानटी प्राणी हौस म्हणून पाळता येत नाही. तो मुलांना विज्ञान शिकवायच्या उपयोगी पडत असेल तरच संग्रहालयाला ठेवता येतो. नाहीतर त्याची रवानगी शहराबाहेरच्या मोठ्या केंद्रात, जिथे पिंजऱ्यांच्या रांगा आहेत आणि कोण कुणाला ओळखत नाही. हेडमास्तर उपयोगी आहेत की नुसतेच बसून खातात, हे पाहायला तपासणी अधिकारी शनिवारी येणार होते.

बाईंना चिंता नव्हती. त्यांचा हुकमाचा पत्ता म्हणजे गोळीचा तास. घुबड उंदीर अख्खा गिळतं. मांस पचतं, आणि केस नि हाडं यांची पोटातच एक घट्ट गोळी बनते. ती ते तोंडावाटे बाहेर टाकतं. मुलांनी चिमट्याने ती गोळी सोडवायची, आतली इवलीशी कवटी, फासळ्या, पाय काळ्या कागदावर मांडायचे आणि घुबडाने काल काय खाल्लं ते सांगायचं. या तासाला सगळ्यात मागे बसणारी पोरंसुद्धा पुढे सरकत.

नेमक्या त्या सोमवारी बाईंच्या लेकीला बाळंतपणाच्या कळा आधीच सुरू झाल्या. बाई बॅग उचलून निघाल्या. "काका, जमेल ना? हेडमास्तरांचं जेवण आणि शनिवारचा तास?"

"खरं तर बाई, मी अख्खी कचेरी चालवली आहे," काका म्हणाले. "एक पक्षी म्हणजे काय! तुम्ही निश्चिंत जा."

बाईंची बस वळणाआड जाते न जाते तोच काकांनी मागच्या खोलीतला फ्रिज उघडला. वरच्या कप्प्यात बर्फात गोठलेले मेलेले उंदीर! पाकिटात शिस्तीत निजवलेले! खाली बरणीत काळी, केसाळ, वाळलेली लेंडकं! काकांच्या अंगावर काटा आला. ज्या बाईंना आपण व्यवस्थित समजत होतो, त्यांचा फ्रिज हा असा? त्यांनी नाकाला रुमाल बांधला, उंदीर अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा करून पुरले, बरणी कचरागाडीत रिती केली आणि फ्रिज सोडा टाकून असा घासला की त्यात स्वतःचं तोंड दिसावं. ते तोंड फार समाधानी दिसत होतं.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. "काका, सांगायचं राहिलं. जेवण वरच्या कप्प्यात आहे, उंदीर महिनाभर पुरतील. आणि शनिवारच्या गोळ्या बरणीत जमवून ठेवल्या आहेत हं."

काकांनी कोपऱ्यातल्या ताज्या मातीकडे पाहिलं. कचरागाडीची घंटा तर केव्हाच ऐकू येईनाशी झाली होती. "खरं तर," ते म्हणाले आणि थांबले.

"काय हो?"

"खरं तर, काही नाही. लेक कशी आहे?"

आता हे तुम्ही आम्ही असतो तर तिथल्या तिथे सांगून मोकळे झालो असतो. पण ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने अधोरेखित केल्या, त्याला स्वतःची चूक उच्चारायला जीभ वेगळी लागते. ती काकांकडे नव्हती.

पुरलेले उंदीर उकरून काढण्याचा विचार त्यांनी केला, पण मुंग्यांनी तो आधीच केला होता. मग त्यांनी, जिथून उंदीर यायचे त्या प्रयोगशाळेला फोन लावला. "मागणी संस्थाप्रमुखांच्या सहीनेच येऊ द्या," पलीकडचा गृहस्थ म्हणाला.

"संस्थाप्रमुख बाळंतपणाला गेल्या आहेत."

"मग रजा संपून हजर झाल्या की पाठवा. अभिनंदन कळवा."

"त्यांच्या लेकीच्या बाळंतपणाला हो!"

"लेकीची सही चालणार नाही," गृहस्थ म्हणाला आणि फोन ठेवला.

तोवर हेडमास्तरांना उपाशी कसं ठेवणार? काकांनी कोंबडी आणली. घरच्या ओट्यावर ती स्वच्छ धुतली, एकेक हाड काढलं, बारीक तुकडे केले, कोमट केले आणि चिमट्याने एकेक भरवले. लग्नाला इतकी वर्षं होऊन ज्यांनी कधी काकडी चिरली नाही त्यांचा हा सोहळा काकू दाराशी उभ्या राहून बघत होत्या.

"माझ्या आजारपणात साधी पेज नाही केलीत," त्या म्हणाल्या.

"खरं तर, तुला हाडं काढता येतात. त्याला येत नाहीत."

हेडमास्तरांना हा पाहुणचार भलताच मानवला. पण दुसऱ्या दिवशी दांडीखाली गोळी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. होणार कशी? केस नाहीत, हाडं नाहीत, तर पोटाने गोळी वळायची कशाची? काकांना हे कळलं तेव्हा बुधवार उजाडला होता. गोळी नाही म्हणजे तास नाही, तास नाही म्हणजे उपयोग नाही, आणि उपयोग नाही म्हणजे शनिवारी दुपारी हेडमास्तर पेटीत बसून शहराबाहेर. तेही कुणाच्या फडक्यापायी? आता एकच उपाय होता. उंदीर हवेत.

काकांनी घरात सापळा लावला. एकही उंदीर आला नाही. येईल कसा? त्या घरातले डबेदेखील उंचीप्रमाणे उभे. तेव्हा ते शेजाऱ्यांकडे वळले. सोसायटीच्या सगळ्या इतिहासात उंदीर मागत दारोदार फिरणारा हा पहिलाच माणूस. सल्ल्यांचा मात्र तुटवडा नव्हता. समोरच्या वहिनी म्हणाल्या, सापळ्यात शेंगदाणा लावा. त्यांचे यजमान म्हणाले, शेंगदाण्याला आजकालचे उंदीर हुंगत नाहीत, बिस्किट लावा. तळमजल्यावरच्या आजींनी घुबडासमोर आरसा ठेवायला सांगितला. सोबत असली की जेवण जातं, असा त्यांचा अनुभव होता.

आणि याच मुहूर्तावर जिन्यात सेक्रेटरींनी नोटीस लावली. गुरुवारी सर्व मजल्यांवर उंदरांचं औषध टाकण्यात येईल.

विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही गेलं. काका नोटिशीखालीच उभे राहून ओरडले, "थांबवा हे!"

गच्चीत तातडीची सभा भरली. "काका," सेक्रेटरी म्हणाले, "मागच्या वर्षी उंदरांबद्दल तक्रारीची सगळ्यात लांब चिठ्ठी तुमचीच होती."

"खरं तर, तेव्हा माझा दृष्टिकोन संकुचित होता."

"म्हणजे आता तुम्ही उंदरांच्या बाजूचे?"

"नाही, घुबडाच्या!"

"मग घुबडाच्या बाजूचा माणूस उंदीर का वाचवतोय?"

याचं उत्तर देण्यात रात्रीच्या जेवणाची वेळ टळली. शेवटी सभेत दोन तट पडले. औषधवाले आणि पिंजरेवाले. मतदान झालं आणि पिंजरेवाले थोडक्यात निवडून आले, त्याला कारण असं की औषधवाल्यांपैकी काहीजण भुकेने आधीच खाली गेले होते. ठराव झाला: ज्याने त्याने उंदीर जिवंत पकडावा आणि काकांच्या दारात आणून द्यावा.

लोक इतके तत्पर असतील असं काकांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. गुरुवारी सकाळी दार उघडलं तर पायरीवर पिंजऱ्यांची रांग. प्रत्येकावर फ्लॅट नंबर. शेजारच्या बिल्डिंगनेही आपला वाटा पाठवला होता. सेक्रेटरी स्वतः एक भलाथोरला उंदीर घेऊन आले आणि म्हणाले, "हा गच्चीचा. सांभाळून, चावरा आहे."

काकांनी उत्साहाने प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "वेडेबिडे झालात का काका? बाहेरचा उंदीर त्याला अजिबात द्यायचा नाही. कुणी कुठे काय खाल्लंय, कुठला रोग आणलाय, कुणाला ठाऊक? पिसं आणि हाडंच हवीत ना? उबवणी केंद्रात जा. अंड्यातच मेलेली पिल्लं मिळतात. ती अख्खी द्या. झाली गोळी."

म्हणजे हे सगळे पिंजरे फुकट. बाल्कनीतून चीं चीं आवाज येत होता. काकू पदर खोचून समोर उभ्या राहिल्या. "अहो, आज या घरात एकतर ते राहतील नाहीतर मी. ते बरेच आहेत, मी एकटी आहे, तेव्हा मत कुणाला मिळेल ते मला माहीत आहे. म्हणून मतदान नको."

काकांनी पिंजरे दोन मोठ्या पिशव्यांत भरले आणि गावाबाहेरच्या माळावर सोडायला बस पकडली. कंडक्टरने पिशवीकडे बोट दाखवलं. "काय आहे?"

"शैक्षणिक साहित्य."

"हलतंय ते."

"खरं तर, आधुनिक पद्धतीचं आहे."

गच्चीवरच्या चावऱ्या उंदराने याच क्षणी आपल्या पिंजऱ्याचं दार दातांनी वर सरकवलं. पुढचं वर्णन मी करत नाही. एवढंच सांगतो, की एका बाईंनी त्या दिवशी सीटच्या पाठीवर उभं राहून प्रवास करण्याची कला प्रथमच दाखवली, पुष्कळ मंडळी खिडक्यांवाटे उतरली, आणि ड्रायव्हर उतरला तेव्हा नशिबाने बस थांबलेली होती. उंदीर मात्र शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहिला आणि दारातून रीतसर उतरला. एकूण उतारूंमध्ये शिस्तीचा तेवढाच.

माळावरून काका तसेच उबवणी केंद्रात गेले, पिल्लं घेऊन संग्रहालयात आले आणि घामाघूम होऊन हेडमास्तरांसमोर थाळी ठेवली. हेडमास्तरांनी पिल्लाकडे पाहिलं. मग काकांच्या हाताकडे. चिमटा कुठे आहे? कोमट तुकडे कुठे आहेत? आणि मान सावकाश फिरवत फिरवत त्यांनी संपूर्ण पाठीमागे नेली. ही सोय फक्त घुबडालाच आहे. माणसाने असा अपमान करायचा ठरवला तरी त्याला निदान वळून बसावं लागतं.

काकांनी आर्जवं केली. पिल्लू हलवून दाखवलं. आजींचा आरसाही आणून ठेवला. हेडमास्तरांनी त्यात आपला चेहरा पाहिला, तो त्यांना आवडला, आणि ते त्याच्याकडेच बघत बसले.

संध्याकाळ झाली तरी हे घरी आले नाहीत म्हणून काकू शोधत आल्या. काका थाळी हातात धरून म्हणत होते, "एक घास. फक्त एक. बघ, चिऊचा."

"तुमचे लाड करून झाले असतील तर बाजूला व्हा," काकू म्हणाल्या. त्यांनी थाळी उचलली आणि दाराला कडी घातली. "दोन पोरं वाढवली आहेत मी या हातांनी. भूक लागली की मुकाट खाईल. उद्या संध्याकाळपर्यंत कुणी समोर फिरकायचं नाही. तुम्ही तर मुळीच नाही."

"पण तो उपाशी..."

"तुमचा थोरलासुद्धा जेवताना असाच हट्ट करायचा. आता बघा कसा सुटलाय."

शुक्रवार काकांनी पिंजऱ्याच्या भिंतीमागे येरझाऱ्या घालत काढला. संध्याकाळी काकूंनी थाळी आत ठेवली आणि पाठ फिरवून चालू लागल्या. त्या चार पावलंही गेल्या नसतील, मागे धप्प आवाज झाला. वळून पाहतात तर थाळी रिकामी, आणि हेडमास्तरांच्या चोचीतून एक पिवळा पाय बाहेर.

शनिवारी सकाळी काका धावत गेले. दांडीखालची फरशी लख्ख. गोळी नाहीच.

शाळेची मुलं मास्तरीणबाईंबरोबर आली. तपासणी अधिकारी आले. उंच, सुकलेले, टोपण लावलेलं पेन हातात. काकांनी जाड चामडी हातमोजा चढवून हेडमास्तरांना मुठीवर घेतलं आणि बोलायला सुरुवात केली. घुबडाची गोळी म्हणजे काय, ती कशी बनते, तिच्यात काय असतं, सगळं सांगितलं. फळ्यावर आकृती काढली. ती बटाट्यासारखी आली. मागच्या रांगेत पोरं एकमेकांच्या वेण्या बांधू लागली.

"प्रत्यक्ष गोळी?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"खरं तर, आज..." काकांनी फळ्यावरच्या बटाट्याकडे बोट दाखवलं.

अधिकारी जवळ आले. आवाज त्यांचा वाईट नव्हता, हे त्यातल्या त्यात वाईट होतं. "हे पाहा, पक्षी सुरेख आहे. पण आकृती तर पुस्तकातही असते. हा इथे नुसताच बसून आहे. असं बसायला मोठ्या केंद्रात जागा आहे." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

काकांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. म्हणजे निरोपाचंच पाहिलं. हेडमास्तरांनी डोळे मिटले होते. मान पुढे ताणली. चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. अंग थरथरू लागलं. गोळी पडताना काकांनी बापजन्मात पाहिली नव्हती. त्यांनी फक्त पडलेली पाहिली होती, तीही बरणीत, आणि तिचं काय केलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांना वाटलं, खलास! काल उपाशी ठेवलं, आज माझ्या हातावर प्राण सोडतोय! मदतीला दाराशी उभ्या असलेल्या काकूंना बोलवायचं म्हणून त्यांनी मोकळा हात वर केला. हेडमास्तर नेमके त्यांच्या डाव्या बुटावर झुकले, म्हणून दचकून डावा पाय उचलला. आणि पुढचं बघवेना, म्हणून डोळे गच्च मिटले.

टप्प.

मग एक मुलगी किंचाळली, "पडली! गोळी पडली!"

काकांनी एक डोळा उघडला. फरशीवर ओली, चकचकीत, पिवळसर करडी गोळी. मुठीवर हेडमास्तर एकदम ताजेतवाने. नंतर जी झुंबड उडाली तिच्यात मास्तरीणबाई कुठे, काकू कुठे, काही कळेना. चिमटे निघाले, काळा कागद पसरला. पिसांच्या लगद्यातून एक नखी निघाली, मग दुसरी, मग तांदळाच्या कणीएवढं चोचीचं टोक. "या पक्ष्याने पक्षी खाल्लाय!" एकजण ओरडला. मघाच्या मुलीने गंभीरपणे विचारलं, "म्हणजे जे पचत नाही ते तो परत देतो? आमची आजीपण औषधाच्या गोळ्या अशाच परत देते."

"काका, त्याला रानात सोडा ना," कुणीतरी म्हणालं.

"सोडला तर त्याला उंदीर पकडता येणार नाही, बाळा. उपाशी मरेल तो. आपल्याकडे निदान जेवण मिळतं," काका म्हणाले, आणि कालचा दिवस आठवून त्यांनी काकूंची नजर चुकवली.

अधिकारी मात्र गोळीकडे बघत नव्हते. ते काकांच्या डाव्या पायाकडे बघत होते. मग त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं.

बाई नातू बघून परतल्या त्याच दिवशी अहवाल आला. त्यांनी तो मोठ्याने वाचला. 'पक्षी शिक्षणासाठी अत्यंत उपयुक्त आहे. प्रशिक्षकाने उजवा हात उंचावून, डावा पाय उचलून व डोळे मिटून संकेत देताच पक्ष्याने तत्काळ गोळी टाकली. असे प्रशिक्षण आजवर अन्यत्र पाहण्यात आलेले नाही. पक्षी येथेच ठेवावा. मात्र इतर संग्रहालयांच्या कर्मचाऱ्यांना ही पद्धत येथे शिकवण्यात यावी, या अटीवर.'

काकांनी हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. फ्रिज, खड्डा, कोंबडी, बस, सगळं.

"फ्रिज पाहिला तेव्हाच माझ्या लक्षात आलं," बाई म्हणाल्या. "इतका स्वच्छ तो विकत आणला तेव्हाही नव्हता. पण काका, हेडमास्तर राहिले ना? अट वाचलीत ना? मग आता पाय उचलायचा."

"खरं तर बाई, हे खोटं आहे!"

"अहवाल वाचल्या वाचल्या मी त्या साहेबांना फोन करून सांगितलं, घुबड असं संकेतावर गोळी टाकत नाही. ते म्हणाले, मोठी माणसं आपली विद्या अशीच लपवतात."

पुढच्याच आठवड्यात परगावच्या संग्रहालयांतून तिघेजण आले. एकजण तर तिथला उपसंचालक. तिघांनी उजवे हात वर केले, डावे पाय उचलले, डोळे मिटले आणि हेडमास्तरांसमोर डुलत उभे राहिले. त्यांच्यासमोर काका, त्याच अवस्थेत. हेडमास्तर एकेकाला निरखत होते. दाराशी काकू तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकल्या होत्या.

उपसंचालकांना संधिवात होता. त्यांचा तोल जाऊ लागला. "गुरुजी," डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "डाव्याऐवजी उजवा पाय चालेल का?"

आयुष्यात कुणी काकांना गुरुजी म्हटलं नव्हतं. साहेब म्हटलं होतं, तेही रजा हवी असली की. त्यांनी पाय आणखी जरा उंच घेतला, घसा खाकरला आणि पूर्ण गांभीर्याने म्हणाले,

"खरं तर, उजवा पाय गरुडासाठी असतो."